जळालेल्या ऑईलवरची लोहारभट्टी : नवख्यांसाठी, डब्यापासून पहिल्या तावापर्यंत

खुरपं पाजवायचं असो, कुऱ्हाडीला नवं तोंड लावायचं असो की हौस म्हणून सुरी घडवायची असो, मराठवाड्यात पहिला प्रश्न येतो तो जाळायचं काय याचा. झाडझाडोरा इथं मुळातच कमी. बाभळीचा कोळसा उत्तम, पण चांगला मिळेल तेव्हा खरा. घरगुती गॅसचं सिलिंडर भट्टीला जोडणं बेकायदा आहे आणि 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर हौशी माणसाच्या खिशाला पेलत नाही. दुसरीकडे उदगीर असो, अंबाजोगाई असो की वसमत, गॅरेजांच्या मागे काळ्या ऑईलचे कॅन रांगेने उभे असतात. त्या ऑईलच्या एका लिटरमध्ये साधारण 8,500 ते 9,000 किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे चांगल्या कोळशाच्या सव्वा किलोइतकी.

इंधन जवळपास फुकट, म्हणून भट्टी सोपी, असा मात्र हिशेब करू नका. इंजिन ऑईल थंड असताना पेटत नाही. काडी टाकली तर काडी विझते. ते धुरावायला दोनशे अंशांच्या आसपास ताप लागतो आणि स्वच्छ जळायला लालभडक भिंत लागते. त्यामुळे या भट्टीत क्रम असा आहे: आधी ताप, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी ऑईल. बंद करताना सगळ्यात आधी ऑईल. पुढचं सगळं बांधकाम या क्रमाभोवतीच आहे.

ऑईल कोणतं घ्यायचं

मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीपचं इंजिन ऑईल चालतं. गिअर ऑईल आणि हायड्रॉलिक ऑईलही चालतं, फक्त गिअर ऑईल जाड असतं. ब्रेक ऑईल, कूलंट, थिनर यांची भेसळ असलेला कॅन परत करा. गॅरेजवाला सगळं एकाच ड्रममध्ये ओतत असेल तर त्याला आपला वेगळा कॅन देऊन ठेवा, तेवढं तो ऐकतो. ट्रान्सफॉर्मरचं ऑईल कोणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी नको. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ऑईलमध्ये पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात, आणि ती उघड्या भट्टीत जाळण्याची गोष्ट नव्हे. शिवाय असं ऑईल बहुधा कुठल्या तरी डीपीतून चोरलेलं असतं.

कायद्याचंही इथंच सांगतो. वापरलेलं ऑईल 2016 च्या घातक कचरा नियमांत मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जावं अशी नियमांची अपेक्षा आहे. रोजचा धंदा म्हणून ही भट्टी लावायची असेल तर आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा. वस्तीच्या मधोमध तर ती लावूच नका. या ऑईलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि मूळ ऑईलमध्ये मिसळलेलं जस्त असतं. धूर झाला की ते आपल्या आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातं.

माझं मत विचाराल तर नवख्याने सुरुवात वापरलेल्या खाद्यतेलावर करावी. भट्टी तीच, उष्णता थोडी कमी, धूर निवळ. तळणीच्या तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की वाढणारे) 25 टक्क्यांवर गेले की ते पुन्हा वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून आहे. त्यामुळे मोठ्या हॉटेलांना आणि फरसाणवाल्यांना ते काढून टाकावंच लागतं. भज्यांच्या गाड्यावर मात्र विचारू नका, तिथं तेल उरतच नाही.

ऑईल निवळणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो टाळतात. ऑईलमध्ये पाणी असतंच. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या ड्रममध्ये तर भरपूर. पाण्याची वाफ होताना त्याचं आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं, त्यामुळे लाल भट्टीत पाण्याचा घोट गेला की जळतं ऑईल तोंडातून बाहेर उडतं.

एका ड्रमला बुडापासून सहा इंच वर तोटी बसवा. ऑईल त्यात भरून दोन-तीन आठवडे हलवू नका. पाणी आणि गाळ खाली बसतो, आपण वरचं घ्यायचं. उन्हाळ्यात ड्रम उन्हात ठेवला तर काम लवकर होतं. एप्रिल-मेचं आपलं ऊन इथं तरी कामाला येतं. मग जुन्या सुती धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळा. हातात रबरी मोजे घाला, कारण जळालेलं ऑईल कातडीला रोज लागणं चांगलं नाही.

पाणी राहिलं का ते बघायला तवा चांगला तापवा, आच बंद करा आणि ऑईलचा एक थेंब टाका. चुरचुरला, तडतडला तर अजून पाणी आहे. निमूट पसरला तर ऑईल तयार. तवा अर्थातच पुन्हा भाकरीला वापरायचा नाही.

डबा आणि अस्तर

अंगासाठी 20 लिटरचा लोखंडी पत्र्याचा डबा घ्या. साधारण एक फूट व्यासाचा असतो आणि नवख्याला तेवढी भट्टी पुष्कळ झाली. रंगाचा किंवा थिनरचा असेल तर झाकण काढून धुवा, पाण्याने काठोकाठ भरून रिकामा करा आणि मगच कापा. बंद डब्यावर गॅस कटर कधीच चालवायचा नाही. घरगुती सिलिंडर कापून भट्टी करणारे व्हिडिओ पाहिले असतील. ते सिलिंडर कंपनीच्या मालकीचं असतं, ते सोडून द्या.

आतलं अस्तर दोन थरांचं. बाहेरून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट (उष्णता अडवणारी कापसासारखी गादी), एक इंच जाडीचं, दोन पदरी. आतून कास्टेबलचा, म्हणजे पाण्यात कालवून थापायच्या, उष्णता सोसणाऱ्या सिमेंटसारख्या मिश्रणाचा, एक इंचाचा थर. बारा इंचांतून दोन्ही बाजूंचे तीन-तीन इंच गेले की सहा इंचाची पोकळी उरते. गॅसच्या भट्टीत नुसतं ब्लँकेट चालून जातं, ऑईलच्या भट्टीत नाही. ऑईल त्यात मुरतं, ते काळं पडून गळायला लागतं. त्याचा धुरळाही फुप्फुसाला वाईट, म्हणून ब्लँकेट कापताना एन-95 मास्क लावा आणि आत कुठंही ते उघडं ठेवू नका.

हा माल तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. भट्ट्यांना माल पुरवणारे तिथं सापडतात. मागताना "फायर ब्रिक, 1260 डिग्रीचं ब्लँकेट आणि कास्टेबल" एवढं म्हणा, त्यांना कळतं.

ब्लँकेट परवडत नसेल तर सरळ अग्निविटांची चौकोनी पेटी रचा. वीट 9 इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड असते. पंधरा-वीस विटांत काम भागतं. तापायला वेळ आणि ऑईल जास्त लागेल, पण मोडून पुन्हा रचता येते. घरबांधणीच्या लाल विटा किंवा परळीकडच्या राखेच्या विटा आतून लावू नका, त्या तडकतात. आणि आपली काळी माती तर लिंपायलाही नको. पाणी सुटलं की शेतात भेगा पडतात तशाच इथंही पडतील. लिंपायला फायर क्ले, म्हणजे उष्णता सोसणारी माती, आणा.

आता कास्टेबल. सहा इंची पीव्हीसी पाईपचा फूटभर तुकडा घ्या. ठिबक नाहीतर बोअरच्या कामातून उरलेला कुठंतरी पडलेला असतोच. त्याला लांबीत एक चीर पाडा म्हणजे नंतर आकसून काढता येतो. बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळा आणि ब्लँकेट लावलेल्या डब्यात मधोमध उभा करा. डब्याच्या तळाशी दीड इंच कास्टेबल आधीच थापलेलं हवं. त्यात लांब गज आरपार जाण्यासाठी दोन इंची भोक ठेवा आणि त्या जागी डब्याच्या तळालाही भोक पाडून घ्या. मग पाईप आणि ब्लँकेट यांच्यामधली जागा कास्टेबलने भरत जा. पाणी अगदी बेताचं: मूठ वळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी येऊ नये. दर चार बोटं थराला काठीने ठासा. एकूण 12-13 किलो लागेल, पोतं मात्र अख्खंच घ्यावं लागतं.

ब्लोअरच्या पाईपची जागा आत्ताच धरून ठेवायची. डब्याच्या कुशीत, बंद बाजूकडून एक तृतीयांश अंतरावर दोन इंची भोक पाडा. पाईप पोकळीच्या मध्याकडे रोखायचा नाही, आतल्या भिंतीला घासून जाईल असा तिरका बसवायचा. म्हणजे जाळ आत गोल फिरतो, भिंत सगळीकडून तापते आणि ऑईलला जळायला जास्त वाट मिळते. पाईप भट्टीकडे उतरता असू द्या. त्याचं टोक कास्टेबलच्या आतल्या पृष्ठभागापासून अर्धा इंच मागे ठेवा, नाहीतर तेच आधी जळून जाईल.

भरून झालं की ओलं गोणपाट झाकून एक दिवस ठेवा, मग पीव्हीसीचा तुकडा काढा. तो आत जाळून काढायचा नाही, त्याचा धूर विषारी असतो. पुढे चार दिवस सावलीत सुकवा, पावसाळ्यात आठ. त्यानंतर दोन-तीन वेळा मूठभर कोळशाचा मंद जाळ आत ठेवा, दरवेळी थोडा मोठा. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कास्टेबलचे पापुद्रे उडतात, कधी कधी गोळी सुटल्यासारखे.

हवा आणि ऑईलची नळी

एक लिटर ऑईल पुरतं जळायला साधारण दहा-अकरा घनमीटर हवा लागते. आपली भट्टी तासाला एक ते दीड लिटर पिणार. म्हणजे छोटासा ब्लोअर पुरतो. मोठा ब्लोअर आणून सगळी हवा आत कोंबली की भट्टी थंड पडते आणि लोखंडावर पापडी धरते. ब्लोअरच्या तोंडाशी मागेपुढे सरकणारी पत्र्याची पट्टी बसवा, हवा तिनेच कमी-जास्त करायची. जुन्या गाडीच्या हीटरचा 12 व्होल्टचा ब्लोअर भंगारात मिळाला तर माझ्या मते तोच सगळ्यात चांगला. कारण पुढे येतंय.

ब्लोअर भट्टीपेक्षा उंचावर ठेवा, म्हणजे ऑईल उलटं वाहत त्याच्यात जाणार नाही. मधला दोन इंची पाईप काळ्या लोखंडाचा घ्या, दीड-दोन फूट लांब. भंगारवाला हमखास हातपंपाचा पाईप काढून देईल. तो घेऊ नका, त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त 907 अंशाला उकळतं आणि त्याची वाफ छातीत गेली की रात्री थंडी वाजून ताप भरतो. घडायला घेतलेल्या लोखंडालाही हाच नियम लावा.

ऑईलसाठी फ्रिज दुरुस्तीवाल्याकडची पाव इंची तांब्याची नळी आणा. ब्लोअरच्या पाईपला वरून भोक पाडून नळी त्यात उतरवा, टोक डब्यापासून चार बोटं अलीकडे. फार जवळ नेली तर ऑईल नळीतच करपून बसतं.

टाकी म्हणजे दहा लिटरचा लोखंडी कॅन, भट्टीपासून सात-आठ फूट बाजूला आणि तीन-चार फूट उंच. भट्टीच्या डोक्यावर कधीच नाही. टाकीखाली लगेच बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह आणि भट्टीजवळ, पण झळ लागणार नाही इतक्या अंतरावर, थेंब आवरणारा नीडल व्हॉल्व्ह. नीडल व्हॉल्व्हच्या खाली नळी तोडून मध्ये एक छोटं नरसाळं ठेवा म्हणजे पडणारं ऑईल डोळ्यांना दिसतं. नरसाळ्यापासून ब्लोअरच्या पाईपपर्यंत किमान फूटभर उभा उतार हवा, नाहीतर हवेच्या दाबाने ऑईल वर उसळतं.

नळी भट्टीत सोडण्याआधी ती कपात धरून मोजमाप करून घ्या. 100 मिली भरायला सहा मिनिटं लागली तर तासाला एक लिटर. व्हॉल्व्हच्या त्या जागी रंगाची खूण करा. डिसेंबरच्या सकाळी ऑईल घट्ट होतं आणि खूण चुकते. तेव्हा दहावा हिस्सा डिझेल मिसळा. पेट्रोल मिसळायचं नाही, थेंबभरही.

लाईट जाणार, हे धरूनच चला

लाईट जाते तेव्हा ब्लोअर थांबतो, ऑईल मात्र पडतच राहतं. लाल भट्टीत त्याची दाट वाफ होते, ती पाईपमधून मागे ब्लोअरकडे चढते. पाच मिनिटांनी लाईट आली की ब्लोअर त्या वाफेत हवा मिसळून सगळं विस्तवाकडे ढकलतो आणि भडका उडतो. शेतातल्या फीडरवर हे कधीही होऊ शकतं. म्हणून 12 व्होल्टचा ब्लोअर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवणं बरं. घरच्या लाईटवरच चालवायचा असेल तर ऑईलच्या नळीवर वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉईड व्हॉल्व्ह लावा, ब्लोअरच्याच बटणावर. विकत घेताना "नॉर्मली क्लोज्ड, दाब नसतानाही चालणारा" असं सांगा. वॉशिंग मशीनचा नळाच्या दाबावर चालतो, तो इथं उपयोगाचा नाही. तेही नको असेल तर हाताने फिरवायचा पंखा आहेच, मात्र मग जोडीला माणूस हवा. काही झालं तरी ब्लोअर थांबल्याचं कळताच पहिला हात बॉल व्हॉल्व्हवर.

जागा निवडताना कडब्याची गंजी आणि सोयाबीनचं भुसकट कुठं आहे ते आधी बघा. वारा त्यांच्याकडे जात असेल तर त्या दिवशी भट्टी नाही. पत्र्याचं उघडं शेड चांगलं. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साईड साठतो आणि त्याला वास नसतो. जवळ कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचं अग्निशामक ठेवा. ऑईलच्या आगीवर पाणी मारायचं नाही. अंगात सुती कपडे, पायात चामडी बूट, डोळ्यांना चष्मा.

पहिला जाळ

डबा आडवा ठेवा, तोंडाकडे अर्धा इंच कललेला. तोंडाखाली वाळूचा ट्रे. न जळलेलं ऑईल आत साचण्याऐवजी तिथं गळेल आणि तुम्हाला दिसेल.

आत दोन ओंजळी कोळसा पेटवा, हवा मंद. तोंडावर अर्धी वीट आडवी लावा. वीस मिनिटं, अर्धा तास, भिंत अंधुक लाल दिसेपर्यंत थांबायचं. दुपारच्या उन्हात हा लाल रंग दिसत नाही, म्हणून शेडच्या सावलीत किंवा संध्याकाळी शिका. मग ऑईल, सेकंदाला एखादा थेंब. प्रत्येक थेंबाबरोबर भपका दिसला की थेंब वाढवा, त्यामागून थोडी हवा. पाच-दहा मिनिटांत भपके जुळून एकसारखी घरघर सुरू होते. तीच चांगल्या भट्टीची खूण. आता ऑईल खुणेपर्यंत नेलं तरी चालेल.

काळा धूर आला तर ऑईल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर आला तर ते अधिक गंभीर: भट्टी थंड आहे आणि न जळलेल्या ऑईलची वाफ बाहेर येते आहे. ऑईल बंद करा, तोंडासमोरून बाजूला व्हा, हवा चालू ठेवा, वाफ निघून गेली की पुन्हा कोळशापासून सुरू करा. तडतड आवाज म्हणजे पाणी. तोंडातून थोडा पिवळट जाळ बाहेर डोकावत असेल तर ते बरोबर आहे. सगळा जाळ बाहेरच जळत असेल तर ऑईल वाया चाललं.

लोखंड चेरी लाल झालं तर ताव 750 अंशांच्या आसपास, नारिंगी झालं तर 900 च्या पुढे, पिवळं 1,050 ते 1,100. घडायला नारिंगी ते पिवळा ताव धरा. लाल विझत आला की ठोकणं थांबवून परत आत घाला. कमान पाट्याच्या (गाडीच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या) पोलादाचं खुरपं किंवा कोयता करणार असाल तर हे विशेष जपा, ते थंडपणी ठोकलं की तडा जातो. पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं लोखंड बुडवून कडक करायची, वेळ ओळखायला दोरीला बांधलेलं लोहचुंबक ठेवा. 770 अंशाला लोखंड चुंबकाला धरत नाही, त्याच्या जरा वर नेऊन बुडवायचं. कमान पाटा पाण्यात नाही, तेलात. कोमट करडईचं किंवा कुठलंही खाद्यतेल चालतं. जळालेलं इंजिन ऑईल त्यासाठी वापरणारे बरेच आहेत. त्याचा धूर सरळ तोंडावर येतो, मी ते सुचवणार नाही.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा शोधू नका. रेल्वेची मालमत्ता बाळगण्याविरुद्ध 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. ट्रकचा जुना जाड ॲक्सल लाकडी ओंडक्यात उभा गाडला तरी सुरुवातीला पुष्कळ होतं.

आणि या भट्टीवर हुरडा, कणसं, वांगी काही भाजायचं नाही. डिसेंबरात तो मोह होतो, म्हणून लिहून ठेवतो.

बंद करणं आणि पुढची देखभाल

आधी टाकीचा बॉल व्हॉल्व्ह, मग नीडल. हवा आणखी दहा मिनिटं चालू द्या, आतलं उरलेलं जळून जाऊ द्या. नंतर ब्लोअर बंद करून पाईपपासून सोडवा आणि बाजूला ठेवा. तसाच जोडलेला ठेवला तर भट्टीची धग पाईपने वर येऊन त्याचा प्लास्टिकचा पंखा वितळतो.

दर चार-पाच जाळांनंतर भट्टी पूर्ण थंड असताना पाईपच्या टोकाशी जमलेला काजळीचा कडक थर सळईने फोडून काढा. तो वाढला की ऑईल एका बाजूला वळतं आणि भिंतीच्या एकाच जागेवर पडत राहून तिथं खड्डा पाडतं. अस्तराला केसाएवढ्या भेगा पडणारच, त्यांची काळजी नको. करंगळीचं नख शिरेल एवढी भेग झाली तर ती पाण्याने ओली करून फायर क्ले आणि सोडियम सिलिकेटच्या लगद्याने भरा, दोन दिवस वाळवा आणि पुन्हा मंद जाळापासून सुरुवात करा. आतून निघालेली राख आणि ड्रमच्या तळचा गाळ विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात टाकू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि ज्या गॅरेजमधून ऑईल आणता त्याचं टाकाऊ ऑईल नोंदणीकृत माणूस नेत असेल, तर तो गाळ घेतो का ते विचारा. पावसाळ्यात डब्याच्या तोंडावर आणि मागच्या भोकावर पत्रा झाका. अस्तर ओलं झाल्याची शंका आली तर पहिल्यासारखाच दोन दिवस मूठभर कोळशाचा जाळ द्या, मगच ऑईल सोडा.